माळवदाच्या घरात २००८ ची रात्र: कमी खर्चात भयपट कसा करावा

ओरेन पेली यांनी ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’ २००६ मध्ये सॅन दिएगोतल्या स्वतःच्या घरात चित्रित केला. आठवडाभराचं काम आणि साधारण १५ हजार डॉलरचा खर्च. २००७ मध्ये तो महोत्सवात दाखवला गेला, २००९ मध्ये सगळीकडे लागला आणि जगभरात त्याने १९ कोटी डॉलरच्या वर कमावले. याच सुमारास बार्सिलोनातल्या एका जुन्या इमारतीत स्पॅनिश ‘रेक’ (२००७) झाला, अमेरिकेत ‘क्लोव्हरफील्ड’ (२००८) आला आणि ऑस्ट्रेलियात ‘लेक मंगो’ (२००८). आपल्याकडे माधवनचा ‘१३बी’ (२००९) घरातल्या टीव्हीलाच भुताटकीचं दार करून गेला. ‘क्लोव्हरफील्ड’ला अडीच कोटी डॉलर लागले. बाकीच्यांपैकी बहुतेकांची भीती मात्र एक घर, एक कॅमेरा आणि रात्रीचे आवाज एवढ्यावर उभी आहे. हे तिन्ही मराठवाड्यात आयतं मिळतं. माळवदाचं (मातीच्या सपाट छताचं) घर, ढाळज (दाराशेजारची बैठक), बळद (धान्याची कोठी), आड आणि रात्रीची लाइट हाताशी असली की दहा मिनिटांची फिल्म चार रात्रींत होते.

कामाला लागण्याआधी यातल्या निदान दोन फिल्म परत बघा, आणि दुसऱ्यांदा बघताना आवाज बंद ठेवा. किती वेळ काहीच घडत नाही ते घड्याळ लावून मोजा. ‘पॅरानॉर्मल’मध्ये पलंगाच्या पायथ्याशी कॅमेरा स्टँडवर ठेवलाय, एका बाजूला उघडं दार आणि त्यापलीकडे अंधारा बोळ. तीच फ्रेम रात्रीमागून रात्री येते. कोपऱ्यातलं घड्याळ भरभर पळतं आणि मध्येच नेहमीच्या वेगावर येतं. वेग उतरला की बघणाऱ्याला कळतं, आता काहीतरी होणार. सगळी यंत्रणा एवढीच आहे.

कॅमेरा चालू का आहे?

अशा फिल्ममध्ये कॅमेरा गोष्टीतल्याच कुणाचा तरी असतो, म्हणून गोष्ट लिहिण्याआधी याचं उत्तर एका वाक्यात देता आलं पाहिजे. ते नसेल तर तिसऱ्या मिनिटाला बघणारा म्हणतो, ‘अरे, मोबाइल ठेव की खाली आणि पळ.’ ‘रेक’मध्ये टीव्हीची बातमीदार आणि तिचा कॅमेरामन अग्निशमन दलाबरोबर इमारतीत शिरतात, म्हणून कॅमेरा चालू. शेवटी दिवे जातात आणि कॅमेऱ्याच्या रात्रदृष्टीशिवाय काही दिसेनासं होतं, म्हणून तो टाकताही येत नाही. आपल्याकडे अशी तीन कारणं अगदी घरची आहेत.

पहिलं, दारं धरणं. थ्री फेज (मोटार चालते ती वीज) बऱ्याच ठिकाणी रात्रीची असते, गडी स्टार्टर दाबायला आणि पाणी फिरवायला एकटा रानात जातो. मोबाइलची बॅटरी हाच त्याचा उजेड. घरच्यांना व्हिडिओ दाखवायचा म्हणून त्याने रेकॉर्डिंग लावलं, आणि आता मोबाइल टाकला तर अंधारात विहीर कुठं आहे तेही दिसणार नाही. दुसरं, विहिरीवरची केबल आणि मोटार चोरीला जाते म्हणून लावलेला सीसीटीव्ही. हा कॅमेरा हलत नाही, त्यामुळे नवख्यांना सगळ्यात सोपा. तिसरं, लग्नाचं शूटिंग. २००८ सालच्या हळदीची कॅसेट, आणि तिच्यावर नंतर कुणीतरी दुसरंच काही टेप केलेलं. ‘क्लोव्हरफील्ड’ची युक्ती हीच आहे: नव्या टेपिंगच्या फटींतून जुनं, सुखाचं चित्रण डोकावतं. हळदीतली हसणारी नवरी आणि लगेच त्याच ओसरीवरचा अंधार, याला मराठी माणसासमोर वेगळं काही समजवावं लागत नाही.

गोष्ट कोणत्या सालात घडवायची, यात आमचा कौल २००८ च्या बाजूने. तेव्हाचं भारनियमन अंधाराचं कारण फुकट देतं. व्हॉट्सॲप २००९ मध्ये आलं, त्यामुळे ‘लोकेशन टाक’ म्हणायची सोय नाही. पण मग काळ सांभाळावा लागतो. एलईडी बल्ब काढून सीएफएल किंवा चोकवाली ट्यूब लावा. एसटीची पाटी दिसली तर तिच्यावर धाराशिव नको, उस्मानाबाद हवं. मोटारसायकलवर नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेट नको. ती नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून लागली. भिंतीवरचं कॅलेंडर तर हमखास विसरतं, ते आधी उतरवा.

घर निवडताना

माळवद म्हणजे लाकडी कड्या, त्यावर पाट किंवा काटक्या-पाला, आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. आवाज शोषून घेणारं याच्याइतकं चांगलं छत स्टुडिओतही मिळत नाही. खोलीत उभं राहून टाळी वाजवली तर घुमत नाही. स्लॅबच्या घरात तीच टाळी टणकन परत येते आणि संवाद बादलीत बोलल्यासारखे वाटतात.

पण बंद पडलेल्या घराचं माळवद धोक्याचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसं गेली, ती बहुतेक दगड-मातीच्या भिंती आणि जड छतं अंगावर पडूनच. आत जाण्याआधी दिवसा उजेडात कड्यांची भिंतीत घुसलेली टोकं बघा. वाळवीची माती किंवा बुरा दिसला, कडी मधे वाकलेली असली, किंवा पावसाळ्यानंतर ओल उतरलेली असली तर ते घर सोडा. माळवदावर दोनापेक्षा जास्त माणसं चढवू नका आणि पावलांचा आवाज हवा असेल तर तो वेगळा टेप करा. किल्लारी-सास्तूर भागातल्या जुन्या पडक्या गावठाणांत भयपट करू नये. तिथं ज्यांची माणसं गेली ते लोक अजून आसपास राहतात. किल्ल्यांवर, लेण्यांत आणि दौलताबादसारख्या संरक्षित जागी परवानगीशिवाय कॅमेरा लावायचा नाही, हे वेगळं सांगायला नको.

मालकाची परवानगी कागदावर घ्या. सरपंच आणि पोलीस पाटील या दोघांना तारखा आणि वेळा आधी सांगा. रात्री अनोळखी माणसं बॅटऱ्या घेऊन फिरताना दिसली की गावात चोर आल्याची हूल उठते आणि मग समजावत बसायला वेळ मिळत नाही. सप्ताह कधी आहे तेही विचारा, कारण भोंग्यावरचं कीर्तन दोन कोसांवरूनही टेपमध्ये येतं.

हंगाम दिवाळीनंतर ते महाशिवरात्रीपर्यंतचा. हवा कोरडी, रात्र मोठी, तूर खांद्याला आणि शाळू डोक्याच्या वर. एप्रिल-मेमध्ये मोबाइल तापून बंद पडतो, आणि पावसाळ्यात काळी माती बुटाला किलोकिलोने चिकटते. रात्री पायात बूट हवेतच. पडक्या भिंतीत विंचू असतो, कडब्याखाली घोणस. जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठं आहे आणि तिथं जायला गाडी कोणाची, हे पहिल्या रात्रीआधी ठरलेलं पाहिजे.

मोबाइलची मांडणी

सेकंदाला २५ फ्रेम, शटर सेकंदाचा १/५०. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. मोबाइल ३० फ्रेम आणि १/६० वर राहिला तर ट्यूबच्या उजेडात पडद्यावर पट्टे सरकताना दिसतात. नेहमीच्या कॅमेरा ॲपमध्ये हे बदलता येत नसेल तर हाताने मांडणी करू देणारं ॲप घ्या. आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ८०० च्या वर नेऊ नका, त्याहून वर अंधारात दाणे पोहायला लागतात. पडद्यावर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड दोन्ही पक्के करा. हे राहिलं की बॅटरी फिरली रे फिरली, मोबाइल चित्र आपोआप उजळतो-मंदावतो आणि सगळ्या भीतीचा चुराडा होतो. फ्लाइट मोड लावा, १० हजार एमएएचची पॉवर बँक जोडा, आणि मिनिटाला साधारण १३० एमबी धरून जागा मोकळी ठेवा. वीस मिनिटांच्या एका शॉटला अडीच जीबी जातात.

हॅण्डीकॅमचं रूप हवं असेल तर ते नंतर संकलनात द्या. चित्र ४:३ मध्ये कापा आणि ७६८ बाय ५७६ मध्ये काढा. खाली उजवीकडे पांढऱ्या साध्या अक्षरांत तारीख-वेळ टाका. व्हीएचएससारख्या आडव्या थरथरत्या रेघा टाकण्याचा मोह टाळा. २००८ चा शूटिंगवाला बहुतेक मिनीडीव्ही ही छोटी डिजिटल टेप वापरायचा, आणि ती टेप खराब झाली की चित्रात क्षणभर चौकोनी ठोकळे दिसतात.

हातातला शॉट असेल तर दोन्ही कोपरं फासळ्यांना टेकवा. चालण्याचा तुकडा वीस सेकंदांच्या आत ठेवा आणि मग थांबा. ‘क्लोव्हरफील्ड’ बघताना लोकांना मळमळलं, म्हणून काही चित्रपटगृहांनी बाहेर सूचना लावल्या होत्या.

दार

एकच युक्ती नीट करायची असेल तर ही करा.

जुन्या वाड्याचं सागवानी दार बिजागरीवर नसतं. फळीच्या टोकाची खुंटी उंबऱ्यातल्या दगडी खोबणीत फिरते. खोबणीत धूळ असते, म्हणून दार अडखळत, धक्के खात सरकतं, आणि धक्का दिसला की बघणाऱ्याला वारा किंवा दोरी आठवते. म्हणून आधी ब्रशने खोबणी साफ करा आणि दोन-तीन थेंब एरंडेल सोडा. त्याआधी दाराची करकर मात्र वेगळी टेप करून ठेवा, ती परत मिळत नाही.

तंगूस वापरू नका. नायलॉन उजेडात चमकतं. गोधडी शिवायचा काळा दोरा दुहेरी करा आणि फळीच्या मोकळ्या कडेला, जमिनीपासून वीतभर उंचीवर, मागच्या बाजूने छोटी चूक ठोकून बांधा. मालकाला चूक चालत नसेल तर कापडी टेप. दोरा जमिनीलगत नेऊन बाजूच्या खोलीतल्या खिळ्यावरून वळवा आणि शेवटी एक इंच जाडीच्या गोल काठीला गुंडाळा. हाताने ओढायचं नाही, काठी फिरवायची. इंचभर जाडीच्या काठीच्या एका फेऱ्यात दोरा सुमारे तीन इंच येतो. दोन फेरे बारा सेकंदांत सावकाश दिले की फळी सहा इंच उघडते, आणि वेग सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा राहतो. त्या सारखेपणातच कुणीतरी जाणूनबुजून दार उघडतंय असं वाटतं. सहा इंचांवर थांबा. पूर्ण उघडू नका. फटीत चार-पाच सेकंद काहीही दाखवू नका.

दाराआधी तीच फ्रेम निदान चाळीस सेकंद रिकामी चालू द्या. शक्यतो ती फ्रेम त्याआधी दोनदा दाखवलेली असावी: पहिल्या रात्री काहीच नाही, दुसऱ्या रात्री कोयंड्यातली साखळी जराशी हललेली, तिसऱ्या रात्री दार. त्यासाठी तिन्ही रात्री कॅमेरा तसूभरही हलता कामा नये. स्टँडचे तिन्ही पाय खडूने जमिनीवर आखा, भिंगाची उंची फुटपट्टीने मोजून लिहा. साडेचार फूट ठीक पडते. सारवलेली जमीन असेल तर दुसऱ्या दिवशी सारवण करू नका म्हणून घरातल्या माउलीला आधीच सांगा, नाहीतर खुणा जातात.

उजेड

अमावस्येला मोबाइलला काहीच दिसत नाही. रानातले शॉट दिवेलागणीला सूर्य बुडाल्यावर वीस मिनिटांत घेऊन संकलनात गडद करा. घरात नऊ वॅटचा पिवळा बल्ब फ्रेमच्या बाहेर ठेवून त्याचा उजेड चुना लावलेल्या भिंतीवर पाडा, भिंतीवरून परतलेला उजेड मऊ येतो. बॅटरी थेट चेहऱ्यावर मारली की चेहरा पांढरा आणि मागचं सगळं काळं होतं. कंदिलात रॉकेल नको, आत विजेचा छोटा दिवा बसवा. कडब्याच्या गंजीपासून उघडी ज्योत लांब ठेवा, हे सांगूनही लोक विसरतात.

रात्रदृष्टीचा शॉट मोबाइलवर जमत नाही, कारण त्याच्या भिंगामागे अवरक्त किरण अडवणारी काच असते. स्वस्तातला सीसीटीव्ही कॅमेरा वापरा. ८५० नॅनोमीटरचे दिवे अंधारात फिकट लाल दिसतात, ९४० वाले दिसत नाहीत पण त्यांचा पल्ला कमी. भिंगापुढचं जाळं आणि दिव्याभोवतीची चिलटं पडद्यावर पांढरे गोळे होऊन उडतात. लोक त्यालाच भूत समजतात. शॉटआधी भिंग पुसा, जाळं काढा.

आवाज

निम्मी भीती इथं आहे आणि नव्वद टक्के लोक इथं हात आखडता घेतात.

दुसरा मोबाइल नटाच्या वरच्या खिशात ठेवून वेगळं रेकॉर्डिंग करा, सुरुवातीला एक टाळी वाजवा म्हणजे दोन्ही नंतर जुळवता येतात. प्रत्येक खोलीत सगळ्यांना गप्प बसवून साठ सेकंद नुसती शांतता टेप करा. संवादांच्या मधे ही शांतता घातली नाही तर तिथं आवाजाला भोक पडतं. रानात टिटवी, पिंगळा, रातकिडे, लांबची कोल्हेकुई, आणि सुरू होताना मोटारीची घरघर, हे सगळं वेगवेगळं घ्या. टिटवी अचानक ओरडली की आपल्याकडं म्हातारी माणसं आपोआप मान वर करतात. तो आवाज फिल्ममध्ये एकदाच वापरा.

‘पॅरानॉर्मल’मध्ये काही घडण्याआधी खालच्या पट्टीतली घूं ऐकू येते. ती करायला ऑडॅसिटी या आवाज संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ३८ हर्ट्झचा साइन टोन (एकसुरी आवाज) तयार करा, वीस सेकंदांत हळूहळू चढवा आणि घटनेच्या आधी अर्धा सेकंद एकदम तोडा. अडचण अशी की तुमची फिल्म लोक मोबाइलवर बघणार आणि मोबाइलच्या स्पीकरला इतका खोल आवाज काढताच येत नाही. म्हणून त्याच्यावर २०० हर्ट्झच्या आसपासचा दुसरा थर हवा. त्यासाठी जातं रिकामं फिरवून टेप करा आणि वेग पावपट करा. आवाज दोन सप्तकं खाली उतरतो. ती घरघर कुठल्या वस्तूची आहे ते ओळखू येत नाही, पण ती घरातलीच आहे एवढं कानाला कळतं. रहाटाची करकर याच पद्धतीने चांगली लागते.

पार्श्वसंगीत घालू नका, ‘रेक’मध्येही ते नाही. त्याच काळातल्या हिंदी भयपटांनी दर दोन मिनिटाला ढाण्णकन वाजवून बघणाऱ्याचे कान बधिर केले.

माणसं आणि बोली

नटांना पूर्ण संहिता देऊ नका. ‘रेक’च्या कलाकारांनाही शेवट आधीपासून ठाऊक नव्हता, आणि ‘पॅरानॉर्मल’मधले संवाद जागेवरच सुचलेले आहेत. प्रसंग सांगा, कुणाला काय ठाऊक आहे ते सांगा, बाकी त्यांच्या तोंडून येऊ द्या. घाबरलेला माणूस प्रमाण भाषेत बोलत नाही. ‘तिथे कोण आहे?’ याने काहीच होत नाही. ‘कोण हाय रं तिकडं? बोलंनास का?’ याने होतं. दाराचा शॉट घेताना नटाला दार कधी हलणार ते सांगू नका, पण दोरा हलवणारा कुठं बसलाय हे मात्र त्याला आधी दाखवून ठेवा, म्हणजे तो खरंच पळत जाऊन आडावर आदळणार नाही. आडाला झाकण किंवा फळ्या टाकल्याशिवाय त्याच्याजवळ रात्रीचा शॉट घेऊच नका.

भानामती

मराठवाड्यात भयपट म्हटला की कुणीतरी भानामती सुचवणारच: आपोआप पेटणारे कपडे, अंगावर बिब्ब्याच्या फुल्या, घरावर दगड. दृश्य म्हणून फुली जबरदस्त आहे, कारण ती छोटी असते आणि कधी उमटली ते कुणी पाहिलेलं नसतं. पण बिब्ब्याचं तेल चुकूनही कातडीला लावू नका, फोड येतात आणि डाग महिनोन्‌महिने राहतात. काजळात खोबरेलाचा एक थेंब घालून काडीने फुली काढा. कपड्यावर हवी असेल तर काळा पोस्टर कलर.

गोष्टीत मात्र ‘अमुक बाईने केलं’ असं दाखवू नका. गावोगावी याच संशयावरून बायकांना वाळीत टाकलंय, मारलंय. २०१३ पासून महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आहे, आणि कुणी करणी करतो असा संशय पसरवणं हा त्यात गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. ‘लेक मंगो’मध्ये घरातली मुलगी गेल्यावर मागे राहिलेल्यांचं दुःख हीच भीती आहे आणि दोष कुणाच्याच माथी मारलेला नाही. ती वाट धरा.

त्याच कारणाने फिल्मच्या पहिल्या पाच सेकंदांत ‘ही काल्पनिक कथा आहे’ अशी पाटी हवी, आणि गावाचं खरं नाव नको. पाटी वर्णनात टाकून चालत नाही, कारण व्हॉट्सॲपवर तुकडे फिरतात. सीसीटीव्हीच्या शॉटवर तर कोपऱ्यात फिल्मचं नाव कायम ठेवा. ‘लातूरजवळ दिसलं भूत’ म्हणून तो तुकडा फिरला की त्या घराच्या मालकाला घर विकणं मुश्कील होतं.

जोडताना

सगळ्या रात्रींचं चित्रण जोडल्यावर बहुतेकांची फिल्म सोळा-सतरा मिनिटांची होते आणि मग ते शांत फ्रेमा कापतात. उलट करा. बोलणं कापा, शांतता राहू द्या. रात्रीचं घड्याळ पळवताना आठपट वेग पुरतो, आणि घटनेच्या वीस सेकंद आधी वेग पूर्ववत करा. कॅमेऱ्यासमोर येऊन किंचाळणारा चेहरा शेवटी घालायचा मोह सगळ्यांनाच होतो. घालायचाच तर दोन फ्रेमांपेक्षा जास्त नको.

फिल्म इंटरनेटवर चढवण्याआधी गावातल्याच चौघांना एका साध्या मोबाइलवर, आवाज निम्म्यावर ठेवून, बाजेवर बसवून दाखवा. तुम्ही पडद्याकडे बघू नका, त्यांच्याकडे बघा. कुणाची मान वळून मागच्या दाराकडे गेली ती वेळ कागदावर लिहा. कुणी मोबाइल हातात घ्यायला बघितलं किंवा बोलायला लागलं तीही लिहा. ज्या मिनिटाला दोघे बोलले, तिथली फ्रेम परत चित्रित करायला लागणार. खडूच्या खुणा अजून पुसू नका.